किनाऱ्यावरून येणारी हाक

१

१७७७ साली कॅप्टन जेम्स कुकच्या तिसऱ्या सागरप्रवासातील जहाजे ताहिती बेटाच्या मातावाई उपसागरात नांगर टाकून उभी होती. ‘रेझोल्यूशन’ जहाजावरचा शल्यवैद्य विल्यम अँडरसन एके दिवशी किनाऱ्यावर, आपल्या लोकांच्या तंबूंच्या आसपास फिरत होता. तेव्हा त्याला एक माणूस लहानशा होडीतून विलक्षण वेगाने वल्हवत जाताना दिसला. तो सारखा दोन्ही बाजूंना पाहत होता. अँडरसनच्या मनात आलेला पहिला विचार असा, की याने जहाजावरून काहीतरी चोरले असावे आणि कोणीतरी याचा पाठलाग करीत असावे. थोडा वेळ थांबून पाहिल्यावर हा समज गळून पडला. तो माणूस लाटा जिथे उसळू लागतात तिथपर्यंत जाई, मागून येणाऱ्या लाटेची वाट पाही, ती जवळ आली की तिच्या पुढे नेटाने वल्हवू लागे. आणि एकदा लाटेने होडी उचलली की स्वस्थ बसून किनाऱ्याला येई. मग होडीतले पाणी काढून टाकून तो पुन्हा निघे.

लाटांवर स्वार होण्याच्या अगदी जुन्या युरोपीय वर्णनांपैकी हे एक आहे. याच बेटावरच्या अशा खेळाविषयी जोसेफ बँक्सने १७६९ मध्ये लिहून ठेवले होते. परंतु अँडरसनची नोंद एका कारणाने निराळी ठरते. तो वैद्य होता. या प्रसंगाची प्रस्तावना म्हणून तो जे लिहितो त्याचा आशय असा, की काही विशिष्ट प्रकारच्या गतीने मनाचा क्षोभ शांत होतो हे या लोकांना ठाऊक आहे, आणि हा परिणाम संगीताच्या परिणामाहून कमी नाही. त्या होडीतल्या माणसाला परमावधीचे सुख होत असले पाहिजे, असा निष्कर्षही तो काढतो. हा निष्कर्ष आज सर्फिंगच्या जवळजवळ प्रत्येक इतिहासात उद्धृत केला जातो. मानसिक आरोग्यासाठी सर्फिंगचा उपयोग करणाऱ्यांनाही तो आपल्या कार्याचा आद्य दाखला वाटतो, आणि ते स्वाभाविक आहे.

या परिच्छेदाची पाठचिकित्साही मनोरंजक आहे. अँडरसन क्षयाने आजारी होता आणि ऑगस्ट १७७८ मध्ये प्रवासातच तो मरण पावला. त्याची रोजनिशी जॉन डग्लस या संपादकाने कुकच्या वृत्तांतात मिसळून टाकली आणि १७८४ साली अधिकृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. परिणामी हे निरीक्षण दीर्घकाळ कुकच्या नावावर खपले. मनाच्या क्षोभावर भाष्य करणारा मनुष्य स्वतः असाध्य व्याधीने ग्रासलेला होता, हे लक्षात घेऊन तो परिच्छेद पुन्हा वाचला, तर त्यातला सूर बदलतो. तंबू आणि जहाजे इतकी जवळ असूनही, ती पाहायला गर्दी लोटलेली असूनही, हा माणूस तिकडे ढुंकूनही पाहत नाही, याचे अँडरसनला जे आश्चर्य वाटते, त्यात कौतुकाबरोबर थोडा हेवाही असावा असे मला वाटते.

परंतु प्रस्तुत लेखाचा रोख या परिच्छेदातल्या दुसऱ्याच एका वाक्याकडे आहे. ते सहसा कोणी उद्धृत करीत नाही. अँडरसन तिथे उभा असताना आणखी दोन-तीन ताहितीवासी येऊन पोचले. त्या माणसाच्या सुखात तेही सहभागी असल्यासारखे दिसत होते, असे तो लिहितो. होडीतल्या माणसाची पाठ वळलेली असली की चांगली लाट त्याच्या हातून निसटे. म्हणून अशी लाट दिसताच हे लोक किनाऱ्यावरून त्याला हाक मारून सावध करीत.

इतिहासाने त्या एकट्या माणसाचे सुख लक्षात ठेवले आणि हाक मारणाऱ्यांना विसरून गेला. सर्फिंगद्वारे होणाऱ्या समूहोपचाराचा इतिहास लिहायचा तर तो या हाक मारणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहावा लागेल, असे प्रतिपादन मी पुढे करणार आहे.

२

त्याच १७८४च्या ग्रंथाचा तिसरा खंड लेफ्टनंट जेम्स किंगने लिहिला आहे. कुक १७७९च्या फेब्रुवारीत हवाई बेटावरील केआलाकेकुआ येथे मारला गेल्यानंतरचा भाग पूर्ण करण्याचे काम किंगकडे आले होते. त्या किनाऱ्यावर पाहिलेल्या फळ्यांवरच्या लाटारोहणाचे त्याने सविस्तर वर्णन केले आहे. त्यात वीस-तीस माणसे आपापली लांब अरुंद फळी घेऊन एकदमच किनाऱ्यावरून निघतात. किंगला त्यांचे धाडस आणि कौशल्य थक्क करते. मनाच्या शांतीविषयी मात्र त्याला काही सांगायचे नाही. एकाच ग्रंथाच्या दोन खंडांत, दोन लेखकांनी, एकाच प्रकारच्या कृतीचे दोन अर्धे भाग असे नोंदवून ठेवले आहेत. एकाकडे मन आहे आणि एकटा माणूस आहे. दुसऱ्याकडे समूह आहे, पण त्याचे मन नाही.

पुढे १८२३ मध्ये विल्यम एलिस या मिशनऱ्याने हवाई बेटाची प्रदक्षिणा केली आणि १८२६ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्व थरांतल्या आणि सर्व वयांच्या लोकांना हा खेळ सारखाच प्रिय असल्याचे तो सांगतो. वारा अनुकूल असला की गावातले बहुतेक लोक पाण्यात उतरत आणि दिवसाचा मोठा भाग तिथेच घालवीत. जॉन पापा ईई या हवाईयन लेखकाने १८६६ ते १८७० या काळात हवाईयन भाषेतील वृत्तपत्रातून आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांतही लाटांची नावे, फळ्यांचे प्रकार आणि त्यांवर स्वार होणारी माणसे राजदरबार, गाव व कुळ यांच्या संदर्भात येतात. हा खेळ एका समाजजीवनाचा भाग होता.

भाषेतही याच्या खुणा आहेत. हवाईयन भाषेत या कृतीला ‘हेए नालू’ म्हणतात. ‘हेए’ म्हणजे घसरणे, सरकणे. ‘नालू’ म्हणजे लाट; आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ चिंतन करणे, मनात घोळवणे असा आहे. मराठी वाचकाला हा योग परका वाटू नये. आपल्याकडे ‘लहर’ पाण्यावरही येते आणि मनातही. ‘ऊर्मी’ या संस्कृत शब्दाने आपण आज मनातली उचंबळ सांगतो. परंपरेने मात्र भूक, तहान, शोक, मोह, जरा आणि मृत्यू यांना ‘षडूर्मी’ म्हटले आहे. मनाचे व्यापार लाटांच्या भाषेत सांगण्याची गरज एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांना भासली, एवढे तरी यातून म्हणता येईल.

एलिसने पाहिलेले ते गाव मात्र त्याच्या डोळ्यांदेखत रिकामे होत होते. १७७८ नंतर बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्येचा संहार केला. संपर्कापूर्वीच्या लोकसंख्येचे अंदाज काही लाखांचे आहेत. १८९०च्या जनगणनेत मिश्र वंशाचे धरूनही हवाईयन लोक सुमारे ४० हजार उरले होते. १८२० मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांची नापसंती, बदललेली श्रमव्यवस्था आणि जमिनीची नवी मालकी यांचाही परिणाम झाला. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत विलीन झाली. सर्फिंग या काळात ‘मृत’ झाले होते आणि गोऱ्या उत्साही मंडळींनी त्याला ‘पुनर्जीवन’ दिले, अशी कथा पुढे रूढ झाली. इसाया हेलेकुनिही वॉकर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘वेव्ह्ज ऑफ रेझिस्टन्स’ या अभ्यासात ही कथा खोडून काढली आहे. त्यांच्या मते लाटा फुटतात तो पट्टा हवाईयन लोकांनी कधीच पूर्णपणे सोडला नाही. जमिनीवरची सत्ता हातून गेल्यावरही तिथे त्यांचा अधिकार आणि त्यांची ओळख टिकून राहिली. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आउटरिगर कनू क्लब’मध्ये प्रामुख्याने गोरे सभासद होते, मुख्यतः हवाईयन सभासदांचा ‘हुई नालू’ १९११ मध्ये रीतसर स्थापन झाला. ड्यूक कहानामोकू हा त्याच्या संस्थापकांपैकी एक. ‘हुई’ या शब्दाचा अर्थच मंडळ, समूह असा आहे.

बाहेरच्या जगाला सर्फिंगची ओळख करून देणारे लेखन मात्र पुन्हा एकट्या माणसाचेच होते. जॅक लंडन १९०७ मध्ये वायकीकीला आला. त्याच्या लेखात लाटेवर उभा असलेला हवाईयन तरुण एखाद्या रोमन देवतेसारखा, एकटा आणि अलौकिक दिसतो. गंमत अशी, की त्याच लेखात लंडन स्वतः लाटेवर जातो तो अलेक्झांडर ह्यूम फोर्ड या परिचिताने योग्य क्षणी त्याची फळी पुढे ढकलल्यामुळे. प्रतिमा देवाची राहिली. ढकलणारा हात विस्मरणात गेला.

३

समूहोपचाराचा स्वतंत्र इतिहास सर्फिंगपासून फार दूर, वैद्यकाच्या क्षेत्रात घडत होता. अठराव्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने ग्रंथिविकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपयोग सांगितला आणि ब्रायटनसारख्या गावांचे भाग्य उजळले. १७९१ मध्ये मार्गेट येथे गरीब क्षयरोग्यांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय स्थापन झाले. या परंपरेत समुद्र हे औषध होते. किती वेळा बुडायचे, किती प्यायचे, कोणत्या ऋतूत, हे सर्व डॉक्टर ठरवी. रोगी एकटा असे आणि पाणी ही त्याला द्यायची मात्रा असे.

१९०५ मध्ये बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरने ज्यांना आरोग्यधामाचा खर्च परवडत नव्हता अशा क्षयरोग्यांचा एक ‘वर्ग’ सुरू केला. आठवड्यातून एकदा ते जमत, आपापल्या नोंदी दाखवत, एकमेकांची विचारपूस करीत. मूळ हेतू स्वच्छतेचे आणि विश्रांतीचे नियम शिकवण्याचा होता. परंतु रोग्यांना परस्परांच्या सहवासाने जो धीर येतो तो नियमांहून कमी महत्त्वाचा नाही, हे प्रॅटच्या ध्यानात आले. समूहोपचाराच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः या वर्गापासून धरतात. ज्या व्याधीने अँडरसनचा बळी घेतला, तिच्याच रोग्यांनी ही वाट पाडली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पुढे १९७० मध्ये अर्व्हिन यालोम यांनी समूह-मानसोपचारावरच्या आपल्या ग्रंथात समूहामध्ये नेमके काय गुणकारी ठरते याची मांडणी केली. आशा निर्माण होणे, हे दुःख आपल्या एकट्याचे नाही असे कळणे, दुसऱ्याच्या उपयोगी पडता येणे, परस्परांतली जवळीक वाढणे, अशी ती सूत्रे आहेत. यांतले ‘दुसऱ्याच्या उपयोगी पडणे’ हे सूत्र विशेष ध्यानात ठेवावे. दीर्घकाळ मनाने आजारी असलेल्या माणसाला सतत मदत घ्यावी लागते. आपल्यापाशीही देण्यासारखे काही आहे, ही जाणीव त्याला क्वचितच लाभते.

एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे दोन प्रवाह एकत्र आले. १९९०च्या दशकात इझी पास्कोविट्झ या व्यावसायिक सर्फरला असे आढळले, की आपला स्वमग्न मुलगा किनाऱ्यावर अनावर होतो, पण फळीवर घेऊन लाटांत नेले की शांत होतो. त्यातून ‘सर्फर्स हीलिंग’ ही संस्था निघाली. स्वमग्नता हा मानसिक आजार नव्हे, हे खरेच. तथापि या अनुभवाने पुढच्यांना दिशा दिली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीचचा जिमी मिलर हा जीवरक्षक आणि सर्फिंग-शिक्षक मानसिक आजाराशी झगडत असताना मरण पावला. त्याच्या आप्तांनी त्याच्या नावाने प्रतिष्ठान उभारले आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ कार्ली रॉजर्स यांनी आखलेला ‘ओशन थेरपी’ हा कार्यक्रम त्यातर्फे चालू झाला. प्रथम अडचणीतली मुले आणि पुढे इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांतून परतलेले सैनिक त्यात सहभागी झाले. २०१० मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या मदतीने ‘द वेव्ह प्रोजेक्ट’ हा मुलांसाठीचा प्रयोग सुरू झाला.

या कार्यक्रमांचे स्वरूप पाहिले, तर पाण्यातला वेळ हा त्यांचा एक भाग असल्याचे दिसते. ‘ओशन थेरपी’च्या सत्रात आधी सर्वजण वाळूवर एकत्र बसून ठरलेल्या विषयावर बोलतात. मग पाण्यात उतरायचे; आणि बाहेर आल्यावर पुन्हा एकत्र बसून काय झाले ते सांगायचे. पाण्यात प्रत्येक नवख्याजवळ कोणीतरी उभे असते. लाट येत असते तेव्हा नवख्याचे तोंड किनाऱ्याकडे असते आणि लाट त्याच्या पाठीमागे असते. ती केव्हा पोचेल हे त्याला दिसत नाही. जवळ उभा असलेला माणूस ती पाहतो, फळी धरून ठेवतो, ‘आता’ म्हणून सांगतो आणि ढकलतो. मातावाईच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या हाकेचेच हे रूप आहे. ज्याचा जगावरचा विश्वास उडाला आहे, त्याला पाठीमागच्या, न दिसणाऱ्या गोष्टीबाबत दुसऱ्यावर विसंबावे लागते. आणि ते विसंबणे फुकट गेले नाही, याचा अनुभव काही क्षणांत शरीराला मिळतो. बंद खोलीतल्या संभाषणाने हेच साधायला अनेक आठवडे लागू शकतात.

४

हे सर्व समुद्राच्या गुणाने घडते की सोबतीच्या, हा प्रश्न संशोधकांनाही पडला आहे. २०१४ मध्ये रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैनिकांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आघातोत्तर तणाव आणि नैराश्य या दोहोंची लक्षणे कमी झाल्याचे त्यात आढळले. पण तो अभ्यास १४ जणांपासून सुरू झाला होता, ११ जणांनी तो पुरा केला, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २०१५ मध्ये निक कॅडिक, ब्रेट स्मिथ आणि कॅसँड्रा फिनिक्स यांनी इंग्लंडमधील माजी सैनिकांच्या कथनांचा अभ्यास केला. सर्फिंगने मिळतो तो यातनांपासूनचा विसावा, असे त्यांनी दाखवून दिले. आजार त्या काळापुरता मागे सरतो. तो नाहीसा होत नाही. जेमी मार्शल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘वेव्ह प्रोजेक्ट’मधल्या मुलांशी बोलून जो अभ्यास केला, त्यात शरीराने आणि मनाने सुरक्षित वाटणारी जागा ही कल्पना मध्यवर्ती ठरली.

सर्वांत उद्बोधक ठरावा असा प्रयोग अमेरिकन नौदलातल्या संशोधकांचा आहे. नैराश्याचे निदान झालेल्या सेवेतल्या सैनिकांचे त्यांनी दोन गट केले. एक गट सर्फिंगला गेला आणि दुसरा डोंगरवाटांनी पायी हिंडला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतल्यांचे नैराश्य कमी झाले. म्हणजे लाटेपाशी काही एकमेव गूढ शक्ती आहे, असा दावा करता येत नाही. निसर्ग, शरीराचे श्रम, ठरलेल्या वेळी जमणारी तीच माणसे, आणि आपण आलो नाही तर कोणीतरी विचारील ही खात्री, एवढी सामग्री डोंगरावरही असते. सह्याद्रीत हिंडणाऱ्या कोणालाही हे नव्याने सांगण्याची गरज नाही.

मला हा निष्कर्ष सर्फिंगचे महत्त्व कमी करणारा वाटत नाही. समुद्राला औषध मानणाऱ्या रसेलच्या परंपरेतून तो आपल्याला बाहेर काढतो. औषध म्हटले की ते कोणालाही, कोठेही, एकट्याला देता येते. समूह म्हटला की तो कोणाचा, कोणत्या किनाऱ्यावर आणि कोणाच्या परवानगीने, हे प्रश्न उपस्थित होतात. हे प्रश्न किती खरे आहेत हे दक्षिण आफ्रिकेत दिसून येते.

५

केप टाउनजवळचा मुइझेनबर्ग हा किनारा सर्फिंगच्या इतिहासात फार जुना आहे. अगाथा ख्रिस्ती १९२२ मध्ये पतीसमवेत जगप्रवासाला निघाली असताना तिथेच प्रथम फळी घेऊन लाटांत उतरली होती. सुट्टीवर आलेल्या गोऱ्या कुटुंबांचा तो किनारा. १९५३च्या स्वतंत्र सुविधांविषयीच्या कायद्याने सार्वजनिक जागांची वंशानुसार वाटणी केली. १९६०च्या दुरुस्तीने समुद्रही तिच्या कक्षेत आला. चांगले, सुरक्षित, शहराजवळचे किनारे गोऱ्यांच्या वाट्याला आले. १९७०च्या दशकाच्या आरंभी हवाईचा विख्यात सर्फर एडी ऐकाऊ स्पर्धेसाठी दरबानला आला, तेव्हा वर्णामुळे त्याला हॉटेलात जागा नाकारली गेली. ज्या लोकांनी जगाला हा खेळ दिला, त्यांच्यातल्या एकाला तो खेळण्यासाठी आल्यावर उतरायला जागा मिळेना.

ऑगस्ट १९८९ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या सहभागाने केपच्या राखीव किनाऱ्यांवर निदर्शने झाली. निःशस्त्र माणसे वाळूवर चालत गेली आणि पोलिसांनी त्यांना हुसकावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये किनारे सर्वांना खुले करण्यात आल्याची घोषणा झाली आणि १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. मराठी वाचकाला इथे १९२७चे महाड आठवल्यावाचून राहणार नाही. पिण्याचे पाणी ही गरज आहे आणि समुद्रस्नान हा विरंगुळा, हा भेद मान्य करूनही, सार्वजनिक पाण्याशी जाण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क आहे, हे दोन्हीकडचे सूत्र एकच आहे.

कायदा रद्द झाला तरी अंतर उरले. केप टाउनच्या दक्षिणेला मासिफुमेलेले नावाची वस्ती आहे. खोसा भाषेत या नावाचा अर्थ ‘आपण यशस्वी होऊ या’ असा. समुद्र काही किलोमीटरवर. पण दाटीवाटीने उभ्या असलेल्या त्या घरांतली मुले लाटांवर खेळताना दिसत नसत. हिंसा, व्यसने, आप्तांचे अकाली मृत्यू यांचा रोजचा शेजार, आणि मनाचे दुखणे सांगावे असा डॉक्टर जवळपास नाही, अशी तिथली स्थिती. २००९ मध्ये टिम कॉनिबिअर या इंग्रज तरुणाने तिथल्या काही मुलांना आठवड्याच्या अखेरीस सर्फिंगला नेण्यास आरंभ केला. वस्तीतले तरुण त्याच्या साथीला आले. त्या अनौपचारिक मंडळातून ‘वेव्ह्ज फॉर चेंज’ ही संस्था वाढली. खायेलित्शा वस्तीजवळच्या मोनवाबिसी या, धोकादायक प्रवाहांसाठी ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यावरही तिने पुढे काम सुरू केले.

या संस्थेच्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिचे प्रशिक्षक. ते मुलांच्याच वस्त्यांतले, मुलांची भाषा बोलणारे, स्वतः त्याच परिस्थितीतून गेलेले तरुण असतात. त्यांना मानसिक आधार देण्याचे प्रशिक्षण दिले जाते. त्यांच्यातल्या अनेकांना लाटांची ओळख मोठेपणीच झालेली असते. आज जो हाक मारतो तो काल-परवापर्यंत हाक ऐकणारा होता. यालोम यांचे ‘दुसऱ्याच्या उपयोगी पडणे’ हे सूत्र इथे उपचारापुरते उरत नाही. वस्तीच्या जगण्यात ते मिसळून जाते. २०१७ मध्ये केप टाउन येथेच जगभरच्या अशा संस्थांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यातून त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. एकेकाळी समुद्राचीच वाटणी करणाऱ्या शहरात हे घडावे, याला निश्चित अर्थ आहे.

६

काही आक्षेपांचा विचार केल्यावाचून हा लेख संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिला आक्षेप पुराव्याचा. उपलब्ध अभ्यासांतले बरेच लहान आहेत, आणि सर्फिंग हे गंभीर मानसिक आजारावरच्या वैद्यकीय उपचाराला पर्याय आहे असे त्यांतून निघत नाही. ते उपचाराच्या जोडीला येणारे साहाय्य आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. दारिद्र्य, युद्ध आणि वंशभेद यांनी केलेली जखम व्यक्तीच्या मनात शोधून तिच्यावर लाटांची फुंकर घालणे, ही मूळ अन्यायावर पांघरूण घालण्याची रीत तर नव्हे? मासिफुमेलेलेतला मुलगा दुपारी शांत मनाने घरी परततो. पण घर तेच असते. या आक्षेपाला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल, की ज्या किनाऱ्यावर त्याच्या आजोबांना पाऊल टाकता आले नसते, तिथे आपल्या वस्तीतल्या दहा जणांसह तो उभा राहतो, ही घटना केवळ मानसशास्त्रीय नाही.

तिसरा मुद्दा ऋणाचा. ‘थेरपी’ हा शब्द लागला की एखादी गोष्ट आधुनिक तज्ज्ञांनी शोधून काढल्यासारखी भासते. प्रत्यक्षात अडीचशे वर्षांपूर्वी एका ब्रिटिश वैद्याला ताहितीच्या लोकांकडून हे कळले होते, आणि तसे त्याने स्पष्टपणे लिहिलेही होते. मनाला स्वस्थ करणारी गती, एकत्र निघणारी वीस-तीस माणसे, पाण्यात उतरलेले गाव, आणि चिंतन व लाट यांना एकच शब्द वापरणारी भाषा, हे सर्व पॅसिफिकच्या लोकांपाशी होते. पुढे ज्यांनी या जगण्याची मोडतोड केली, त्यांच्याच वंशजांना युद्धावरून परतल्यावर त्याची गरज भासली.

साहित्याच्या अभ्यासकाला या इतिहासातून मिळणारा धडा वाचनाविषयीचा आहे. अँडरसनचा परिच्छेद अनेक पिढ्यांनी वाचला आणि प्रत्येकाने त्यातला एकटा, सुखी, मुक्त माणूस उचलला, कारण तशा माणसाची प्रतिमा त्यांच्या मनात आधीच तयार होती. हाक मारणारे दोन-तीन जण त्याच परिच्छेदात, दोन-चार ओळींच्या अंतरावर उभे होते. त्यांची नावे अँडरसनने नोंदवली नाहीत. त्या माणसाचेही नाव नोंदवले नाही. पण ते काय करीत होते हे त्याने इमानाने लिहून ठेवले. ज्याची पाठ वळली आहे त्याच्यासाठी ते लाटेकडे पाहत होते.